उपसूचना क्रमांक एकशे सतरा

दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी महापौरांनी सभा जेवणासाठी तहकूब केली आणि एक वाजून वीस मिनिटांनी मला उपसूचना क्रमांक एकशे सतरा सापडली. तारीख सव्वीस फेब्रुवारी २००४, वार गुरुवार.

सभागृह रिकामं होतं. खाली हिरवळीवर मांडव घातला होता आणि श्रीखंड-पुरीचा बेत होता. अर्थसंकल्पाच्या सभेला आमच्या महापालिकेत तो दर वर्षी असे, आणि त्या दिवशी सभागृह ज्या वेगाने रिकामं होई त्या वेगाने ते आग लागली तरी झालं नसतं. पत्रकारांच्या टेबलाशी मी एकटाच उरलो होतो. समोर लाल दोऱ्याने बांधलेला दोनशे चौदा उपसूचनांचा गठ्ठा होता. त्रेसष्टाव्या पानावर खालच्या बाजूला हा मजकूर होता :

'शहरात बाकडी बसविणे या लेखाशीर्षातून रुपये चार लक्ष कमी करून ते भाजी मंडई पाळणाघर या लेखाशीर्षावर वर्ग करण्यात यावेत. सूचक : श्रीमती कांताबाई शेलार. अनुमोदक :'

अनुमोदकाचं नाव टाइप केलेलं नव्हतं. तिथे नुसती सही होती. एक लांब आडवी रेघ आणि तिच्या टोकाला कोंबडीच्या शेपटीसारखं काहीतरी. नऊ वर्षं पालिकेच्या बातम्या केल्यामुळे बहुतेक नगरसेवकांच्या सह्या मला ओळखता येत. ही येईना.

मी मजकूर पुन्हा वाचला. मग घड्याळ पाहिलं आणि वेळ वहीत लिहून ठेवली. ती सवयच होती.

उपसूचना म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. वर्षाचा अर्थसंकल्प आयुक्त मांडत. कोणत्या कामाला किती पैसे, ते त्यात ठरलेलं असे. नगरसेवकाला त्यात बदल हवा असेल तर त्याने लेखी उपसूचना द्यायची, खाली आणखी एका सदस्याची अनुमोदनाची सही घ्यायची, आणि पैसे कुठल्या कामातून काढायचे तेही लिहायचं. चाळीसेक जण दर वर्षी नियोजित नाट्यगृहातून पैसे काढत. त्या नाट्यगृहाची पायाभरणी दोनदा झाली होती आणि पाया अजून भरायचा होता. सगळ्या उपसूचना एकत्र बांधून शेवटी एका दमात मंजूर होत. नगरसचिव म्हणत, 'वाचल्या असे समजण्यात यावे.' सभागृह म्हणे, 'मंजूर.' दुसऱ्याची उपसूचना वाचायची नाही, हा सभागृहाचा न लिहिलेला नियम होता. आपण दुसऱ्याची वाचली तर दुसरा आपली वाचेल, एवढं शहाणपण सर्व पक्षांत होतं.

गठ्ठा वाचणारा माणूस एकच होता, तो मी. ही गोष्ट सभागृहनेते विश्वासराव चौगुले यांना पक्की ठाऊक होती. दर वर्षी जेवणाच्या वेळी ते माझ्याशेजारी येऊन बसत आणि विचारत, 'काय पानसे, गठ्ठ्यात काही खास?' मी सांगत असे. एका सदस्याने एका वर्षी अख्खी स्मशानभूमी दुसऱ्याच्या प्रभागात हलवली होती, ती मी सांगितल्यामुळे परत जागेवर आली. त्याच्या बदल्यात चौगुले मला वर्षभर बातम्या देत. दोघांनाही हा व्यवहार सरळ वाटे.

आणि चौगुले म्हणजे बाकडी. सिमेंटची, पाठीवर 'सौजन्य : विश्वासराव चौगुले' असं ठळक गोल अक्षरांत कोरलेली. त्यांच्या प्रभागातल्या काही बाकड्यांवर कुत्री झोपत, कारण माणसांना पुरून ती उरली होती. एक बाकडं सार्वजनिक मुतारीच्या भिंतीकडे तोंड करून होतं. मी एकदा मोजून तीनशे बारा अशी बातमी दिली. सकाळी सात वाजता त्यांचा फोन आला. चिडले असतील असं वाटलं. ते म्हणाले, तीनशे चौदा आहेत, देवळामागची दोन तुम्ही पाहिली नाहीत.

अशा माणसाच्या नाकासमोरून शंभर बाकडी उचलून नेण्याची ही उपसूचना होती. चार लाखांत त्या वेळी तेवढीच येत.

पाळणाघराचं मला पंधरा दिवसांपूर्वीच कळलं होतं. आयुक्तांच्या पुस्तकात, पान एकशे आठवर, 'भाजी मंडई पाळणाघर' या नावासमोर आकड्याऐवजी एक छोटी आडवी रेघ होती. मी चार ओळींची बातमी दिली. ती आतल्या पानावर, शुभविवाहाच्या जाहिरातींखाली छापून आली. वाचली एकाच व्यक्तीने. कांताबाई शेलार या पहिल्यांदाच निवडून आलेल्या नगरसेविका होत्या आणि मंडईत त्यांचा लसूण-आल्याचा गाळा होता. सभा असेल त्या दिवशी गाळा सुनेकडे देऊन त्या येत. येताना पिशवी तशीच हातात असे, त्यामुळे त्यांच्या रांगेत बसणाऱ्यांना दिवसभर लसणाचा वास सोसावा लागे. त्यांना सगळे मावशी म्हणत आणि कोणी फारसं विचारात घेत नसे.

त्यांनी मला निरोप पाठवला, पहाटे साडेपाचला मंडईत या. गेलो. मंडईच्या मागच्या बाजूला, वजनकाट्याच्या खोलीशेजारी, पालिकेची एक लांबट खोली. आत सतरंज्यांवर एकतीस मुलं ओळीने झोपलेली. मुलाच्या उशाशी त्याच्या आईच्या गाळ्याचा नंबर लिहिलेला पुठ्ठा, म्हणजे रडलं तर कुठल्या गाळ्यावर हाक मारायची ते कळे. पहाटे चारला उघडणारी पालिकेची ही एकमेव सेवा होती. खोलीत बोलायची चोरी होती, म्हणून कांताबाई मला बाहेर घेऊन आल्या आणि कोथिंबिरीच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

'आधी पोरं तिथं असायची. ढिगामागं, खोक्यात. टेम्पोवाले मागं न बघता टेम्पो मागं घ्यायचे.' मग बोट खोलीच्या दाराकडे वळलं. 'एकतीस मार्चला कुलूप लावणार म्हणतात. एक एप्रिलला पोरं परत खोक्यात.'

मी विचारलं, तुम्ही सभेत बोलणार का. त्या म्हणाल्या, बोलणार, पण बोलून काय होतं ते मला गाळ्यावर रोज कळतं. गिऱ्हाइकाला भाव सांगितला म्हणजे लगेच तो देतो असं नाही.

त्या गुरुवारी सकाळी त्यांना दोन मिनिटं मिळाली. त्यांनी पाळणाघराचं सांगितलं. सभागृहाने आपुलकीने ऐकलं, म्हणजे कोणी मध्ये बोललं नाही. आयुक्तांनी उत्तर दिलं की उत्पन्नात घट आहे, काही सेवा नाइलाजाने थांबवाव्या लागतील, भावनेपेक्षा प्राधान्य महत्त्वाचं. चौगुले उठून म्हणाले, 'मावशी, पुढच्या वर्षी नक्की बघू.' कांताबाई खाली बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. मी वहीत लिहिलं : विषय संपला. ते चुकलं होतं, हे मला एक वीसला कळलं.

पावणेदोनला मी गठ्ठा काखेत मारून खाली मांडवात गेलो. कांताबाई शिपायांच्या पंगतीत बसल्या होत्या. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, पुऱ्या गार होतायत, भाऊ. मी ताट घेऊन बसलो. दोन मिनिटांत चौगुले शेजारी येऊन टेकले. पांढरा सदरा, हातात श्रीखंडाची वाटी.

'काय पानसे, गठ्ठ्यात काही खास?'

माझे धंद्याचे दोन नियम होते. खोटं बोलायचं नाही आणि बातमी पोटात ठेवायची नाही. पहिला पाळून दुसरा मोडता येतो का, याचा विचार मी तोपर्यंत कधी केला नव्हता. आता करायला एक पुरी खाण्याइतका वेळ होता.

'खैरमोड्यांनी एकच गल्ली दोनदा काँक्रीट केली आहे,' मी म्हणालो. 'एकशे अठरा आणि एकशे नव्वद.'

चौगुले हसले. 'आणखी?'

'श्रीखंडात वेलची जास्त झाली आहे.'

त्यांनी चमचा वाटीतच ठेवून माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत त्यांनी असं पाहिलेलं मला आठवत नाही. 'मला तर बरोबर वाटते,' ते म्हणाले आणि आणखी एक वाटी मागवून घेतली.

माझं चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी. मागच्या रांगेत, आमच्या पाठीला पाठ लावून, खुद्द नगरसेवक बाबुराव खैरमोडे जेवत होते.

अडीचला सभा पुन्हा सुरू झाली. आयुक्तांचे खुलासे, विरोधी पक्षाचा सभात्याग आणि चहा आल्यावर त्यांचं परत येणं, हे नेहमीप्रमाणे झालं. तीन वाजायला सात मिनिटं असताना नगरसचिव निमकर उभे राहिले आणि एक ते दोनशे चौदा या उपसूचना वाचल्या असे समजण्यात यावे, म्हणाले. महापौरांनी हातोडा उचलला. तेवढ्यात खैरमोडे उठले.

त्यांचं म्हणणं असं की त्यांच्या नावावर भलतंसलतं बोललं जातंय, तेव्हा त्यांची एकशे अठरा क्रमांकाची उपसूचना सभागृहात मोठ्याने वाचावी, म्हणजे कोणती गल्ली ते सगळ्यांना कळेल. एवढं बोलून त्यांनी पत्रकारांच्या टेबलाकडे एक नजर टाकली.

एकशे अठरा चौसष्टाव्या पानावर आहे, हे मला माहीत होतं. पण निमकर हे शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी गठ्ठा सोडला, चष्मा लावला, पानं उलटली आणि म्हणाले की एकशे सतरावरील अनुमोदकाच्या सहीची शाई पुढल्या पानावर उमटलेली दिसते, तेव्हा घोळ नको, दोन्ही सलग वाचतो.

कांताबाई माझ्यासमोरच्या बाजूला तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी पिशवीतून लसणाचा एक गड्डा काढला आणि पाकळ्या सोलायला सुरुवात केली. सभागृहात, भर सभेत. शेजारच्या सदस्याने नाकाला रुमाल लावला.

'उपसूचना क्रमांक एकशे सतरा,' निमकरांनी सुरुवात केली. 'लेखाशीर्ष, शहरात...'

'हरकतीचा मुद्दा.' चौगुले उभे होते. आवाज अगदी शांत. एका सदस्याची उपसूचना वाचली तर बाकीच्यांवर अन्याय होईल. वाचायच्या तर सगळ्या वाचू. दोनशे चौदा आहेत, दीड मिनिटाला एक धरली तरी रात्रीचे साडेआठ होतील. आपली तयारी आहे. घरी फोन करायचे असतील त्यांनी करून घ्यावेत.

सभागृहातून एक दीर्घ कण्हणं ऐकू आलं. मागून कोणीतरी खैरमोड्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं. कोणीतरी म्हणालं, 'मंजूर.' मग दुसरा, मग सगळे. हातोडा पडला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बरोबर तीन वाजले होते. एक तास चाळीस मिनिटं.

कांताबाईंनी सोललेल्या पाकळ्या रुमालात बांधल्या आणि पिशवीत टाकल्या.

शुक्रवारी सकाळी आमच्या पेपरात पहिल्या पानावर तीन कॉलमी बातमी आली : 'शंभर बाकडी रद्द; मंडईतलं पाळणाघर वाचलं'. दहा वाजेपर्यंत निम्मे नगरसेवक निमकरांच्या खोलीत होते. कोणी म्हणालं फसवणूक झाली, कोणी म्हणालं ठराव फिरवा. निमकरांनी नियमाचं पुस्तक उघडून दाखवलं. मंजूर ठरावाला तीन महिने हात लावता येत नाही. तोवर मार्च उलटून मे लागणार होता, आणि चालू असलेलं पाळणाघर बंद करा असं म्हणायला पहिला हात वर करायला त्या खोलीत कोणी तयार नव्हतं. खैरमोडे तेवढ्यात चौगुल्यांना म्हणाले, तुमचीच बाकडी गेली आणि तुम्हीच वाचू दिलं नाहीत, वा. त्यावर खोली बराच वेळ हसत राहिली. चौगुल्यांनी मान खाली घातली. पुढचं वर्षभर त्यांना पालिकेत 'बिनवाचे विश्वासराव' म्हणत. ते त्यांनी निमूट ऐकून घेतलं.

मला त्यांचं वाईट वाटलं. माझ्या हिशेबाने त्यांना मी फसवलं होतं.

शनिवारी पहाटे मंडईतून पुन्हा निरोप आला. मी गेलो तेव्हा कांताबाई गाळ्यावर होत्या. त्यांनी माझ्यासाठी पोत्याची घडी घालून बसायला दिली आणि चहा मागवला. वहिनी बऱ्या आहेत का, पेपरात पगार वेळेवर देतात का, अशी चौकशी झाली. मग आल्याची माती चोळत त्या म्हणाल्या, 'भाऊ, तुम्ही वाचली होती ना? गुरुवारी, जेवणाआधी?'

मी हो म्हणालो.

'आणि सांगितली नाही.'

'नाही.'

'मग मी जिंकले.' त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. 'विश्वासभाऊ म्हणत होते, पानसे सांगणार. मी म्हटलं, ते पहाटे येऊन पोरं बघून गेलेत, नाही सांगणार. अर्धा किलो श्रीखंडाची पैज होती.'

'कोण विश्वासभाऊ?' मी विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. मंगळवारी त्या चौगुल्यांच्या घरी गेल्या होत्या. पोरांचं काही बोलल्याच नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, तुमच्या एका बाकड्यावर माणसं किती बसतात? चौगुले म्हणाले, तीन. त्यातली मतं किती देतात? चौगुले म्हणाले, ते कोण सांगणार. मग कांताबाई म्हणाल्या की मंडईत चारशे बायका बसतात आणि त्यातल्या दीडशे चौगुल्यांच्याच प्रभागात राहतात. त्या काय देतात ते मी सांगू शकते. चौगुल्यांनी चहा सांगितला. चहा येईपर्यंत विचार केला. मग म्हणाले की मी उघडपणे बाकडी कमी केली तर माझेच लोक मला उभं करणार नाहीत, पण मी वाचलंच नाही तर मला कोण काय म्हणणार? आणि अनुमोदनाची सही त्यांनी डाव्या हाताने करून दिली.

'एकच अट घातली,' कांताबाई म्हणाल्या. 'म्हणाले, गठ्ठा फक्त पानसे वाचतो. मी त्याला रिवाजाप्रमाणे विचारणार. त्याने सांगितलं तर मला उठून विरोध करावा लागेल, मावशी, मग मला बोल लावू नका.'

चहा गार झाला होता. पाळणाघरातून बाईने हाक दिली, 'बेचाळीस नंबर!' आणि दोन गाळे सोडून बसलेली एक मुलगी तागडी तशीच टाकून धावली.

सात वाजता चौगुले स्वतः आले. हातात मिठाईवाल्याची पिशवी, तीत पैजेचं श्रीखंड. मला पाहून जरा थबकले. मग कांताबाईंच्या हातात पिशवी दिली आणि म्हणाले, 'तुमच्या बातमीदाराने नुकसान केलं माझं.'

'साहेब, मी काही केलं नाही,' मी म्हणालो.

'तेच म्हणतो मी.'

ते पाळणाघराच्या दारापर्यंत गेले, आत डोकावले आणि बाहेरच्या मोकळ्या जागेकडे निरखून पाहत राहिले. पावलं टाकून जागा मोजली. मला वाटलं, खोली वाढवायचा विचार असेल.

'मावशी,' ते म्हणाले, 'पोरांना न्यायला आलेल्या बायका उभ्याच राहतात का?'

पंधरा दिवसांत तिथे एक बाकडं आलं. पाठीवर ठळक गोल अक्षरं. तीनशे पंधरावं. ते मात्र रोज भरलेलं असतं, हे मी पुढे वीस वर्षं पाहिलं.

मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी गठ्ठा वाचला आणि सापडलं ते सगळं छापलं. चौगुले दर वर्षी श्रीखंडाची वाटी घेऊन शेजारी बसत राहिले. तो प्रश्न मात्र त्यांनी मला पुन्हा कधी विचारला नाही. मग ते निवडणुकीला उभं राहायचं थांबले. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत; आजचे सभागृहनेते त्यांच्याच हाताखाली तयार झाले. कांताबाईंचा गाळा सून चालवते. त्या स्वतः सकाळी त्या बाकड्यावर बसून मुलं मोजतात. गेल्या महिन्यात चव्वेचाळीस होती.

यंदाच्या अंदाजपत्रकात, पान दोनशे एकतीसवर, पाळणाघराच्या नावासमोर पुन्हा आडवी रेघ आहे.

आज सर्वसाधारण सभा आहे. आमच्या पेपरात पालिका आता मनीषा पाहते. दुपारी एक वाजून अडतीस मिनिटांनी तिने मला मोबाइलवर एका पानाचा फोटो पाठवला : उपसूचना क्रमांक एकशे नऊ, सुशोभित प्रवेशकमानी या लेखाशीर्षातून पैसे काढून ते मंडईतल्या पाळणाघराकडे. सूचकाचं नाव मला नवीन आहे. अनुमोदकाचं नाव टाइप केलेलं नाही. एक लांब आडवी रेघ आहे आणि टोकाला कोंबडीची शेपटी.

खाली तिने लिहिलंय, 'सर, सभागृहनेते शेजारी येऊन बसलेत. गठ्ठ्यात काही खास आहे का विचारतायत. हे सांगू?'

आता पावणेदोन झाले आहेत. मतदान तीनला आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.